यंदा नाताळ नाही

पिंपरी पेंढार
२६ ऑक्टोबर २०२५, रविवार

चि. आरतीला दादाचा सलाम.

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतेस हे मला दिसतं, पण उत्तर देत नाहीस. म्हणून शेवटी कागद घेतला. कागद फाडायचा झाला तरी आधी हातात घ्यावा लागतो.

ऑगस्टात तुझ्या सासरी, संगमनेरला, जे झालं त्याबद्दल मी माफी मागावी असं तुझ्या वहिनीचं म्हणणं आहे. प्रतिभाचं माझ्याबद्दल नेहमीच काही ना काही म्हणणं असतं. आधी माझी बाजू ऐक. तुझ्या सासऱ्यांचा मी अपमान केला नाही. जेवताना विषय त्यांनीच, याकोबमामांनीच, काढला. यंदा चर्चमध्ये नाताळाच्या भजनांसाठी नवा मृदंग आणलाय म्हणाले. मी म्हणालो, मामा, ज्या दिवसाची तारीख वचनात कुठेच दिलेली नाही, त्या दिवसासाठी तुम्ही जन्मभर मृदंग बडवत आलात. एवढंच बोललो. आवाज थोडा चढला असेल. मामांनी "पावणं, आधी जेवून घ्या," म्हणून माझ्या ताटात आणखी भात वाढला. त्यानंतर तू मला दारापर्यंत आणलंस आणि म्हणालीस, "दादा, तू आता घरी जा." सख्ख्या भावाला असं म्हणालीस. मी हात धुऊन पुसलेसुद्धा नव्हते.

ते राहू दे. मुद्द्याचं सांगतो. मंडळीने ठरवलं आहे की यंदा नाताळ करायचा नाही. पुढे ईस्टरही करायचा नाही. आपली मंडळी ती केवढी, पत्र्याच्या एका हॉलात मावेल एवढी, पण ठरवलं ते विचार करून ठरवलं आहे. पुण्याहून ते ब्रदर शिकवायला येतात ना, त्यांनी तीन रविवार हाच विषय घेतला. प्रभूने आपल्याला आठवण ठेवायला भाकर आणि प्याला दिला. जन्मदिवस पाळा असं तो कुठे म्हणाला? झाड, तारे, केक, सांताक्लॉजची लाल टोपी हे सगळं माणसांनी मागाहून चिकटवलेलं आहे.

तुम्ही संगमनेरकर तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. तुम्हाला हे कळायचं नाही. आप्पांनी मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडणं थांबवलं आणि त्याच वर्षी ख्रिस्ती होऊन बिरोबाची जत्राही सोडली, तेव्हा तू पाळण्यात होतीस. मी मात्र मोठा होतो. चुलत्यांनी बोलणं टाकलं. लग्नकार्याची आमंत्रणं बंद झाली. आप्पा जत्रेच्या दिवशी घरात बसून राहायचे आणि ढोल ऐकू आला की दार लावून घ्यायचे. मला ते दार अजून दिसतं. एवढं सोसून एक दिवस सोडला तो काय दुसरा दिवस धरण्यासाठी? याचं उत्तर तुझ्या सासऱ्यांकडे असेल तर मला कळव.

आई रोज विचारते, "आरती कवा येनार?" तू वर्षातून एकदाच येतेस, नाताळाला, चार दिवस. म्हातारी त्यावर वर्ष काढते. नाताळ नाही म्हणून तू येऊ नयेस असं मुळीच नाही. कुठल्याही दिवशी ये. घर तुझंच आहे.

शेजारच्या हौशीरामने नेहमीप्रमाणे दिवाळीच्या फराळाचा डबा आणून दिला. तो डबा आपण नाताळाला करंज्या भरून परत करतो. प्रतिभा म्हणाली, आता हा डबा परत कसा करायचा? मी म्हटलं, धुऊन.

तुझा दादा,
सुभाष


२३ नोव्हेंबर २०२५, रविवार

आरती,

तू प्रतिभाला फोन केलास हे मला समजलं. मी चार हातांवर चहा पीत बसलेलो असताना तुम्ही दोघी स्वयंपाकघरात अर्धा तास बोललात आणि मला एक शब्द सांगितला गेला नाही. नंतर कळलं ते एवढंच, की तू येणार नाहीस आणि आईला तिकडे पाठवून द्या असं म्हणतेस. आईला पाठवणार नाही. तिचे गुडघे गेलेत, ऊस तोडायला आल्यापासून बिबट्या कुठल्या बांधावर बसलेला असेल याचा नेम नाही, आणि तिचं घर इथं आहे. रागावर राग काढायला म्हातारी माणसं वापरू नयेत.

एक गोष्ट मात्र दुरुस्त करून लिहितो. मागच्या पत्रात मी "मंडळीने ठरवलं" असं लिहिलं. ते खरं आहे, पण कसं ठरवलं ते तुला कोणीतरी सांगेलच, म्हणून मीच सांगतो. मी उभा राहून बोललो, मग म्हणालो, ज्यांना पटलं त्यांनी हात वर करा. पुरुषांनी केले. बायका सतरंजीचे धागे ओढत बसल्या होत्या. मी म्हटलं, बायकांचं काय? तर गोरक्षची साधना म्हणाली, "तुमी ठरवलंयच की दादा." मी ते होकारात धरलं.

आई त्या दिवशी सर्दीमुळे हॉलात आली नव्हती. तिला घरी सांगितलं तेव्हा ती मेंढ्यांना पाला टाकत होती. आपल्या चारच मेंढ्या राहिल्यात, पण तिचा थाट तुला माहीत आहे. नाताळच्या सकाळी त्यांना धुवायचं, पाठीवर हुरमुंजाचे लाल पट्टे ओढायचे, हॉलच्या अंगणात आणून बांधायच्या. पूर्वी हे दिवाळीच्या पाडव्याला व्हायचं. पाडवा सोडला तेव्हा तिने रंग तेवढा उचलून नाताळाला आणला. ब्रदरांनी मागच्या वर्षी ते पाहिलं होतं. हे जुनंच खमीर आहे, मागच्या धर्माचं उरलेलं, म्हणाले. मी आईला म्हणालो, यंदा रंग नको.

तिने हातातला पाला खाली ठेवला. म्हणाली, "सुभाष, मला तुझ्यावानी अध्याय येत न्हाईत. मला येकच गोष्ट येती. रानात मेंढरं राखणाऱ्या मानसान्ला देवदूत पयला भेटला. राजाला न्हाई, शिकल्यासवरल्याला न्हाई, आपल्याला. त्या गोष्टीवर मी हितवर आले. तो दिस पन तू काढून घेतलास, तर मंग मी कशाची किरिस्ताव?"

मी म्हणालो, आई, गोष्ट कोण काढून घेतंय, फक्त तारीख नको म्हणतोय. ती म्हणाली, "मला वाचता येत न्हाई रं. माजी गोष्ट त्या दिसावरच लिवल्याली हाय."

मी मोटर चालू करायला निघून गेलो. वीज नव्हती, तरी गेलो.

तू चार दिवस येऊन जा. तुझ्याशी ती बोलेल. माझ्याशी बोलते, पण जेवायला वाढलंय, पाणी तापलंय, एवढंच.

सुभाष


२५ डिसेंबर २०२५, संध्याकाळ

आरती,

आई तुझ्याकडे पोचली हे प्रतिभाने सांगितलं. तिला थंडी बाधू देऊ नकोस. रक्तदाबाची गोळी सकाळची असते, ती तिने नेली आहे का ते बघ.

तू हसशील, पण आजचा दिवस कसा गेला ते तुलाच लिहावंसं वाटतंय. दुसरं कोणाला लिहू?

मी मुद्दाम आजच कांद्याची लागवड धरली होती. शिकवायचं ते करून दाखवावं, असं डोक्यात होतं. मंडळीने पाहावं, गावाने पाहावं, की आमचा प्रत्येक दिवस प्रभूचा आहे आणि आज गुरुवार आहे. रोप तयार होतं, वाफे भिजवलेले होते. मंडळीतल्या बायकांना सांगितलं तर एकीचं डोकं दुखत होतं, एकीच्या माहेरी कोणी आजारी होतं. म्हणून आंबेगावच्या डोंगरातली टोळी बोलावली, सोनीबाईची. गेल्या वर्षी ह्याच दिवसांत ती कामाला आली होती तेव्हा तू त्या बायकांना करंज्या वाटल्या होत्यास, आठवतंय?

पिकअपमधून उतरल्या उतरल्या तिने विचारलं, "दादा, आज तुमचा सण नाय का?" मी म्हटलं, आम्ही दिवस पाळत नाही आता. ती बांधावरच उभी राहिली. "सणाच्या दिशी मालकाच्या रानात हात घालायचा आमाला बरं नाय वाटत. तुमचा देव आमाला बोल लावील." मी तिला समजावलं. आमचा देव तसा नाही, बोल लावत नाही. ती म्हणाली, "मंग लई चांगला हाय की. अशा देवाचा तरी सण करावा मानसानं." बायका हसल्या आणि वाफ्यात उतरल्या. मीही हसलो. तेव्हा हसू आलं खरं.

दहाच्या सुमाराला हौशीराम आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, टोपी, दरवर्षी येतो तसा, "हॅपी नाताळ, राव" म्हणायला. हॉलला कुलूप पाहून तो शेतात आला होता. दारात तारा नाही, गाणं नाही, आणि मी गुडघ्यापर्यंत चिखलात. त्याने आधी टोपी काढली. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "कोन गेलं, भाऊ?"

मला कळेचना. मी म्हटलं, कुठे गेलं?

"न्हाई, सुतक दिसतंय. सण धरला न्हाई तुमी. आमाला कळवायचं तरी. येवढं परकं केलं व्हय?"

आरती, मी जन्म याच गावात काढला आणि माझ्या हे ध्यानात आलं नाही. आपल्याकडे "यंदा सण नाही" असं कोण म्हणतं? ज्याच्या घरात मयत झालं तो. मी दोन महिने गावभर हेच सांगत फिरलो होतो, यंदा आमचा नाताळ नाही म्हणून. दुकानात सांगितलं, दूध डेअरीवर सांगितलं. मला वाटत होतं मी साक्ष देतोय. गाव मात्र आपल्या घरात कोण मेलं याचा अंदाज बांधत होतं. कोणी म्हणे आरतीच्या सासरी काही झालंय, तीही बरेच दिवसांत दिसली नाही.

मी हौशीरामला ब्रदरांची शिकवण सांगू लागलो. तो ऐकत होता, मान हलवत होता, पण टोपी त्याने परत घातली नाही. मध्येच म्हणाला, "ते समदं बरोबर असंल. पन घरात चूल पेटली का?" आणि गेला. अर्ध्या तासाने त्याची बायको इंद्रायणी डोक्यावर पाटी घेऊन आमच्या दारात. पोळ्या, आमटी, भात, झाकून आणलेलं सगळं. सुतकाच्या घरी शेजाऱ्यांनी आणायचं असतं तसं. प्रतिभाने ते घेतलं. मी दुपारी घरी आलो तर ओट्यावर ते जेवण आणि घरात आई नाही.

मी वाफ्यात असताना तिने नवं लुगडं नेसलं होतं आणि प्रतिभाने तिला आळेफाट्यावर नेऊन नाशिककडच्या गाडीत बसवलं होतं. मी ओरडलो. प्रतिभा म्हणाली, "ओरडा. सुतकाच्या घरात मोठ्यानं बोलत न्हाईत, पन तुमी ओरडा." आणि पाटीतलं जेवण माझ्या पुढ्यात ठेवलं.

मी जेवलो. भूक लागली होती. लागवड पूर्ण झाली. रोप चांगलं बसलंय.

मला वाईट वाटतंय, आरती. शिकवण चुकीची आहे असं मी म्हणत नाही. पण आजच्या दिवशी मी बरोबर होतो असंही मला म्हणवत नाही.

आईला कधी आणायला येऊ ते कळव.

सुभाष


८ फेब्रुवारी २०२६, रविवार

आरती,

दीड महिना झाला. मी विचारलं होतं कधी येऊ, त्याचं उत्तर नाही. प्रतिभाच्या फोनवर आईचा आवाज ऐकला. मी जवळच उभा होतो. ती म्हणाली, "हितं बरं हाय. याकोबमामा सांजच्याला भजनं म्हनत्यात." मी फोन मागितला नाही. तिनेही माझं नाव काढलं नाही.

इथलं सांगतो. रविवारी हॉल भरतो, म्हणजे पुरुष येतात. साधना येत नाही. दोन घरं नारायणगावच्या चर्चला जायला लागली आहेत. नाताळच्या दिवशी डोकं दुखत असलेली बाई त्या सकाळी ओतूरला प्रार्थनेला गेली होती, हेही आता कळलं. कोणी माझ्याशी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं, मला भांडता येतं.

पुण्याच्या ब्रदरांना मी फोन केला. सगळं सांगितलं, अगदी सुतकापासून. मला वाटलं ते म्हणतील, सत्यासाठी सोसावं लागतं. ते म्हणाले, "सुभाषभाऊ, मी तीन रविवार शिकवलं. तिसऱ्या रविवारी काय शिकवलं ते आठवतंय का? एक जण दिवस पाळतो, एक जण पाळत नाही. पाळणाऱ्याने न पाळणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न पाळणाऱ्याने पाळणाऱ्याला दोष लावू नये. मी तुमच्यावर काही लादलं नव्हतं." मी म्हणालो, मेंढ्यांच्या रंगाला तुम्ही खमीर म्हणालात. ते म्हणाले, "म्हणालो. ते मी म्हणायला नको होतं. पण तुमच्या आईचा हात धरा असं मी म्हणालो नव्हतो."

तिसऱ्या रविवारी मी हॉलात होतो. पहिल्याच रांगेत होतो. पण पहिल्या दोन रविवारांनीच माझं डोकं भरलं होतं. माझ्या कामाचं तेवढं मी घेतलं आणि बाकीच्या वेळी मनातल्या मनात याकोबमामांना उत्तरं देत बसलो.

तू म्हणशील, हे आधी कळायला हवं होतं. हो, हवं होतं.

मेंढ्या बऱ्या आहेत. आईला सांग, तिची मोठी मेंढी व्याली. कोकरू मादी आहे.

सुभाष


३१ मार्च २०२६, मंगळवार

आरती,

हे पत्र तुला शनिवारपर्यंत मिळावं म्हणून उद्या सकाळी आळेफाट्याला जाऊन कुरियरने टाकणार आहे. यात एक गोष्ट लिहायची आहे, ती प्रतिभालाही सांगितलेली नाही.

मी संगमनेरला येऊन गेलो. याच महिन्यात, असाच एक मंगळवार होता. घरी सांगितलं की कांद्याचा भाव बघायला बाजार समितीत जातो. चंदनापुरीचा घाट उतरेपर्यंत मी ठरवत होतो की दारात गेल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं. माफी मागायला आलो म्हणावं, तर याकोबमामा लगेच "कशाची माफी, पावणं" म्हणून विषय मिटवतील आणि जेवायला वाढतील, आणि मी पुन्हा त्या ताटावर बसेन. आईला न्यायला आलो म्हणावं, तर ती नाही म्हणेल, आणि ते मला सगळ्यांदेखत ऐकावं लागेल. सहज आलो म्हणावं, तर सहज यायचं तोंड मी ठेवलेलं नाही.

तुमच्या गल्लीच्या तोंडाशी चहाची टपरी आहे, तिथे बसलो. तिथून तुमचा ओटा दिसतो. आई उन्हात बसून लसूण सोलत होती. बारीक झाल्यासारखी वाटली, की लांबून तसं दिसलं, कोण जाणे. तू बाहेर येऊन तिच्या पायाशी काहीतरी ठेवलंस, गरम पाण्याची पिशवी असावी. ती काहीतरी बोलली आणि तू हसलीस. मी दोन चहा घेतले. टपरीवाल्याने विचारलं, "कोनाकडं आलात, पावणं?" मी म्हटलं, असाच. आणि परत आलो. प्रतिभाला सांगितलं, भाव पडलाय.

घाट चढताना मला रडू आलं, आरती. बसमध्ये लोक होते. मी खिडकीकडे तोंड केलं.

तेव्हापासून एकच विचार डोक्यात आहे आणि तो कुठल्या शिकवणीतून आलेला नाही. आजवर घराघरांत किती भांडणं झाली. आप्पांचे भाऊ बोलायचे बंद झाले ते पुन्हा कधी बोलले? कुणाच्या तरी लग्नात, कुणाच्या तरी सणाला. चुलते पहिल्यांदा आपल्या उंबऱ्यात आले ते एका नाताळाला. हौशीरामच्या वडिलांनी त्यांना ओढत आणलं होतं, करंज्या खायला चला म्हणून. आप्पांनी काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही. बसले, खाल्लं, गेले, आणि दुसऱ्या दिवसापासून बोलणं सुरू झालं. मी हे पाहिलं होतं. आप्पांनी दार लावून घेतलेलं मी आयुष्यभर लक्षात ठेवलं आणि हे विसरलो.

साध्या दिवशी गेलेल्या माणसाला कारण द्यावं लागतं. माझ्यासारख्याला तर फारच मोठं द्यावं लागतं, आणि ते माझ्या घशातून बाहेर येत नाही. मी मंडळीचा नाताळ बंद केला तेव्हा शास्त्राचा विचार केला, पण रुसलेली माणसं यायची कधी, याचा केला नाही. तुला तर मी कुठल्याही दिवशी ये म्हणून लिहिलं होतं, मोठेपणाने. किती सोपं वाटलं होतं ते लिहिताना.

तो दिवस पवित्र आहे की नाही, मला अजून माहीत नाही. याकोबमामांशी त्यावर मी पुन्हा कधीतरी वाद घालेन, पण जेवण झाल्यावर. मंडळीलाही मी परवा सांगितलं की माझा हात मी खाली घेतलाय, ज्याला जसं वाटेल तसं करू द्या. साधना होती. ती नंतर सतरंजी झटकायला थांबली.

येत्या रविवारी ईस्टर आहे. तुमच्याकडे त्या दिवशी सकाळपासून माणसांची ये-जा असते, हे मला ठाऊक आहे. दार लावलेलं नसतं. प्रतिभाला घेऊन मी पहिल्या गाडीने निघतोय. चर्चमध्ये मागे बसेन आणि नंतर सगळ्यांबरोबर घरी येईन. आईजवळ मला लगेच बसवू नकोस, ती तोंड फिरवेल. चपला काढायच्या जागेजवळ कुठेतरी बसेन.

कोणी विचारलंच, हा कसा काय आला, तर तू एवढंच सांग, की दादा सणाला आलाय.

सुभाष